ओळीच्या टोकाचे अनाथ

कॉर्नेलने पान नाकाजवळ नेलं, मान डावीकडे वळवली, उजव्या डोळ्याच्या कडेतून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान. वाचता येतंय."

"काय लिहिलंय?"

"मीच लिहिलंय ते. मला काय विचारतेस?"

"तरी वाच की दोन ओळी."

"प्रवासाचे नियम आहेत," तो म्हणाला. "नदी, धक्के, वल्ह्यांची पाळी."

ते पान माझ्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या माहितीपत्रकातलं होतं. मी ते त्याच्या पुस्तकाच्या टाइपात, त्याच रुंदीच्या ओळींत जुळवून छापून आणलं होतं. मी भिंगं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ज्याला मजकूर पाठ आहे त्यालाच तो वाचायला दिला, तर त्या चाचणीला काही अर्थ राहत नाही, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी त्याला तसं सांगितलं. त्याने पान टेबलावर ठेवलं आणि तळहाताने सपाट केलं.

"धुलाईचे नियम," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरे लिहिले असतील."

"थोडक्यात लिहिलेत."

"टोमणा पोचला, इर्मिना."

कॉर्नेल माझा धाकटा भाऊ. पोलंडमधल्या आमच्या लुब्लिन शहरातल्या एका शाळेत तो भूगोल शिकवायचा. वसंतात त्याला ते सोडावं लागलं, कारण नकाशावर बोट ठेवलं की ते नेमकं कुठे पडलं हे त्याला मुलांना विचारावं लागायचं. त्याच्या डोळ्यांचा मधला भाग जातो आहे. कडेचं दिसतं. माणूस दारातून आत आला की दिसतो, पण चेहऱ्याकडे पाहावं तर चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग असतो. हा दोष आईकडून येतो. माझ्यात आलेला नाही. मी तपासून घेतलं आहे.

शाळा गेली, गाडी गेली. उरला तो शनिवारचा खेळ. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ: एक सूत्रधार असतो, तो जग उभं करून सांगतो, बाकीचे त्यात आपापलं पात्र होऊन बोलतात, आणि जिथे काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं तिथे फासे टाकतात. फाशांचा अर्थ काय लावायचा ते नियमांच्या पुस्तकात असतं. कॉर्नेलच्या खेळाचं नाव 'तराफा'. जुन्या काळी विस्तुला नदीवरून समुद्रापर्यंत लाकूड वाहून नेणारे तराफेवाले, त्यांचे मालक, चोर, भुतं आणि नदी. पुस्तक त्यानेच लिहिलं, वीसएक वर्षांपूर्वी, आणि मांडणीही स्वतःच केली. तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं की नियमांचं पुस्तक जुन्या पोथीसारखं दिसलं पाहिजे. म्हणून प्रत्येक पानाखाली जळक्या कागदाचं चित्र, त्यावर तपकिरी अक्षरं, दोन अरुंद रकाने, आणि टाइप इतका बारीक की समासात मुंगी चालली तर ती टीप वाटावी.

आता दुसरी आवृत्ती निघायची होती. घेणाऱ्यांनी नावं नोंदवून ठेवली होती, पुठ्ठा-बांधणीचं ठरलं होतं, छापखान्याने पानांची संख्या बांधून दिली होती. सोमवारी सकाळी फाइल पाठवायची. मांडणी माझ्याकडे होती.

"एक सांगून ठेवतो," यंत्राचं माहितीपत्रक बाजूला सारत कॉर्नेल म्हणाला. "जे पुस्तक मला वाचता येत नाही, ते समोर ठेवून मी खेळ चालवणार नाही. पाठांतर म्हणायला मी पाद्री नाही. ह्या शनिवारी नवं प्रूफ टेबलावर ठेवून बघू. जमलं तर जमलं. नाहीतर सेवेरिनला आणि बोझेनाला सांगून टाकू, की बाबांनो, आता पत्ते खेळा."

"आणि तू काय करशील?"

"खिडकीत बसेन. पर्यटकांना चुकीचे रस्ते दाखवेन."

तो हसला. मी हसले नाही. शनिवार गेला तर त्याच्या आठवड्यात काय उरेल, हे मी एकदा मनाशी मोजून पाहिलं होतं. रेडिओ उरत होता.

मी जळका कागद काढून टाकला. दोन रकान्यांचा एक केला. काळी शाई, पांढरट पण चकाकी नसलेला कागद, ओळींमध्ये मोकळी जागा, प्रत्येक नियमाची सुरुवात डाव्या कडेला ठळक, कारण ज्याला मधलं दिसत नाही तो ओळीचं टोक शोधण्यातच दमतो. आणि टाइप मोठा. इतका मोठा की कॉर्नेल पहिल्यांदा म्हणाला, "ही काय आजीबाईंची प्रार्थनापोथी?" पण त्याने चार ओळी वाचल्या. खरोखर वाचल्या, त्या ओळी मी वर्तमानपत्रातून घेतल्या होत्या.

अडचण साधी होती. अक्षर मोठं झालं, पानं तेवढीच राहिली. एक तृतीयांश मजकूर बाहेर उभा राहिला.

तो आठवडाभर मी कामावरून सुटले की त्याच्या स्वयंपाकघरात जायचे. चहाचे पेले मध्ये ठेवून मी वाचायचे आणि तो ठरवायचा.

"धुकं," मी म्हणायचे. "धुक्यावर दीड पान आहे."

"धुकं ठेव."

"कॉर्नेल, नियम एवढाच आहे की पुढचं दिसत नाही."

"धुक्यात दीड पान चालल्याशिवाय पुढचं दिसत नाही हे कळत नाही. ठेव."

"मग दोरखंडांच्या गाठी काढते."

"गाठी? माझ्या वडिलांनी मला त्या गाठी शिकवल्या!"

"माझ्याही वडिलांनी."

"मग तुला काढवतात कशा?"

मला काढवत नव्हत्या. मी काढल्या. धुकं अर्ध्या पानावर आलं. बुडालेल्यांची गाणी गेली. वाळूच्या बेटावरच्या म्हातारीचा सगळा प्रसंग गेला, आणि तो गेला तेव्हा कॉर्नेल उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा म्हणाला, "माझे शब्द कापून माझ्यासाठी चष्मा शिवते आहेस तू. शिव. पण निदान माप तरी नीट घे."

मापाचीच मला भीती होती. वसंतात त्याला जो टाइप वाचता येत होता तो उन्हाळ्यात येईना. उन्हाळ्यातला आता येत नव्हता. तीन बिंदू मिळाले की रेघ कुठे चालली आहे ते दिसतं. पुस्तकं छापून, बांधून हातात यायला नाताळ उलटणार होता. तेव्हा हा मोठा टाइपही त्याला पुरणार नव्हता. मी हे त्याला सांगितलं नाही. मला फक्त हा शनिवार हवा होता, मग पुढचा. माणूस बुडायला लागला की तो काठ किती लांब आहे ते मोजत नाही, समोर येईल ते लाकूड धरतो. मी लाकूड कापत होते.

मांडणीत आमच्याकडे एक नियम आहे जो मराठीत मला नीट सांगावा लागेल. आमच्या पोलिश भाषेत एका अक्षराचे शब्द पुष्कळ. 'मध्ये' हा एका अक्षराचा, 'आणि' एका अक्षराचा, 'ने' सुद्धा: 'तीनने कमी' म्हणायचं तर तीनच्या आधी नुसता 'ओ' येतो, आणि 'तीनवर' म्हणायचं तर त्याच जागी दोन अक्षरांचा 'दो'. असा शब्द ओळीच्या शेवटी एकटा लटकत राहिला, आणि तो ज्याचा आहे तो शब्द खालच्या ओळीत गेला, तर त्याला आम्ही अनाथ म्हणतो. चांगल्या पुस्तकात अनाथ ठेवत नाहीत. त्याला खाली ढकलून त्याच्या माणसाजवळ नेतात. मी सगळे अनाथ झाडून काढले होते. पण शुक्रवारी अखेरची कापाकापी झाली, कॉर्नेलने काही नियम तोंडी बदलून नव्याने सांगितले, ते मी टंकले, ओळी सरकल्या, आणि प्रूफाच्या दोन प्रती काढून मी घरी गेले.

शनिवारी दुपारी सेवेरिन आला तो हातात त्सेबुलाशची गरम पिशवी घेऊन. वर कांदा आणि खसखस पसरलेल्या त्या जाड रोट्यांचा वास आधी आत आला आणि मागून तो. तो ट्रॉलीबस चालवतो आणि बसमध्ये बोलायची मनाई असल्यामुळे उरलेल्या वेळात बोलतो.

"कुठाय ते मोठं पुस्तक? मला वाटलं दारातून दिसेल."

"पिशवी त्याच्यावर ठेवू नकोस," बोझेना म्हणाली. तिचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. तिला मी आदल्या संध्याकाळीच दुसरी प्रत दिली होती, चुका काढायला. "तेल लागेल."

"लागू दे की. जुन्या पुस्तकाला मुळातच लागलेलं होतं. छापूनच आलं होतं तसं."

"चित्रकार तूच होतास," कॉर्नेल म्हणाला.

"म्हणून तर सांगतो."

कॉर्नेल टेबलाच्या टोकाला त्याच्या खुर्चीवर बसला. प्रूफ समोर उघडं, दिवा डाव्या बाजूने, मान वळवलेली. मी खिडकीजवळ बसले, नेहमीसारखी. मी खेळत नाही, ऐकते. त्याने सुरुवात केली. थंडीचे दिवस, वर्षातला अखेरचा तराफा, नदीच्या कडा गोठायला लागलेल्या. ओल्ब्राख्त, म्हणजे सेवेरिनचा म्हातारा तराफेवाला, पहिल्या दिवसापासून ह्या टेबलावर आहे. बोझेनाची विधवा मालकीणही.

त्याला वाचता येत होतं. हळू, पण येत होतं. रात्रीच्या पहाऱ्याचा नियम त्याने पुस्तकातून वाचला, बोटाने डावी कड धरून. वाऱ्याचा वाचला. सेवेरिनने रोटी चावायची थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. माझे हात मांडीखाली होते. ते मी केव्हा तिथे घेतले ते मला आठवत नाही.

मग तराफा पुलाच्या खांबाला घासला, ओल्ब्राख्तने फासे टाकले, वाईट पडले, आणि तो पाण्यात गेला.

"दम किती आहे?" कॉर्नेलने विचारलं. पात्राची उरलेली ताकद खेळात अशी आकड्यात मोजतात.

"सात."

कॉर्नेलने पान उलटलं, नियम शोधला, सापडला. "बर्फाच्या पाण्यात पडलेल्याचा दम..." बोट थांबलं, खालच्या ओळीवर आलं. "...तीनवर येतो. तीनवर हात सुटतात." त्याने मान वर केली. "सेवेरिन. त्याचे हात सुटले."

बोझेनापुढे तिची प्रत उघडी होती. "पण इथे..." ती म्हणाली.

सेवेरिनने टेबलावरून हात लांब करून तिचं मनगट धरलं.

"सुटले तर सुटले," तो म्हणाला. "टोपी तराफ्यावर राहिली असेल. ती मालकीणबाईंना द्या."

मी उठून बोझेनाच्या खांद्यावरून पाहिलं. नियम कॉर्नेलनेच बदलला होता, शुक्रवारी, मला तोंडी सांगून: जुना फार क्रूर आहे, त्यात कुणी वाचतच नाही. आता दम तीनवर येत नव्हता, तीनने कमी होत होता. सातातून तीन गेले की चार उरतात आणि हात सुटत नाहीत. पण 'ओ' ओळीच्या उजव्या टोकाला एकटा राहिला होता आणि 3 हा आकडा खालच्या ओळीत पहिला. शब्दात लिहिलं असतं तर आकड्याला लागलेल्या प्रत्ययावरून त्याच्या लक्षात आलं असतं; नुसत्या आकड्याला प्रत्यय नसतो. त्याच्या डोळ्याने टोकाचं अक्षर दिलं नाही, आणि मेंदूने ती जागा भरली. मेंदू ते करतोच. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत एक आंधळी जागा असते आणि ती आपल्याला कधी दिसत नाही, कारण आजूबाजूचं घेऊन ती सारखी बुजवली जाते. कॉर्नेलने ती वीस वर्षं तोंडात बसलेल्या जुन्या नियमाने बुजवली.

म्हणजे त्याआधीचंही त्याने किती वाचलं होतं आणि किती बुजवलं होतं?

"इथे काय?" कॉर्नेलने विचारलं.

बोझेनाने मनगट सोडवून घेतलं.

"बोझेना, 'पण इथे' काय?"

"काही नाही. पान चिकटलं होतं."

"इर्मिना. तू उठलीस. खुर्ची वाजली. वाच."

मी खोटं वाचू शकले असते. दोन अक्षरांचा शब्द एका अक्षराच्या जागी ठेवायचा होता, बस्स. कॉर्नेलची मान वळलेली होती आणि तो मला कडेतून पाहत होता, जिथून त्याला सगळं दिसतं.

मी होतं तसं वाचलं.

"कुठे आहे तो ओ?"

"ओळीच्या टोकाला. अनाथ राहिलाय. माझ्या नजरेतून सुटला."

"तुझ्या!" तो म्हणाला. मग सेवेरिनकडे वळून, "तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक? माझ्यापुढे पुस्तक नाही, रोटी आहे."

"सेवेरिन."

"बोझेनाचं तोंड बघून कळलं."

"आणि तरी मेलास."

"म्हातारा झालाय रे तो. गुडघे दुखतात त्याचे."

"माझ्या नदीत कुणी दयेने बुडायचं नाही!" कॉर्नेलने टेबलावर मूठ आपटली. फासे खाली पडले. "कधीपासून चाललंय हे? किती वेळा? मागच्या महिन्यात तो गोदामातला दरोडा, तो तरी खरा होता का? की तोही मला बरं वाटावं म्हणून?"

"खरा होता," बोझेना म्हणाली. "बहुतेक."

"बहुतेक!"

तो उठला, प्रूफ मिटलं आणि टेबलावरून माझ्या दिशेने सरकवलं. अंदाज चुकला. ते पेल्याला लागून थांबलं.

"सोमवारी पहिली फाइल पाठव. बारीक टाइपाची. धुकं, गाठी, म्हातारी, सगळं असलेली. मला तेही वाचता येत नाही आणि हेही. निदान शब्द तरी पुरे राहू देत."

ती फाइल माझ्याकडे होती. मी ती पुसली नव्हती. त्याचं म्हणणं चूक आहे असं सांगायला माझ्यापाशी एकही आकडा नव्हता. सगळे आकडे त्याच्याच बाजूने होते. मी उभी राहिले आणि मला एवढंच वाटलं, की आता हा खिडकीत जाऊन बसेल आणि मी दर शनिवारी येऊन त्याच्या पाठीकडे बघेन.

"ती पाठवलीस तर माझं नाव खोडून टाक," बोझेना म्हणाली.

"काय?"

"मी नाही घेणार. जुनं पुस्तक मी कधी वाचलेलंच नाही, कॉर्नेल."

"कधी म्हणजे?"

"कधीच. तिसऱ्या पानापुढे गेले नाही. औषधाच्या डबीतली चिठ्ठी मी रोज वाचते, लोकांना वाचून दाखवते, पण तुझं ते मला झेपलं नाही. तपकिरीवर तपकिरी. संध्याकाळी दुकान बंद करून ते उघडलं की डोकं धरायचं."

कॉर्नेल खुर्चीची पाठ धरून उभा होता. "वीस वर्षं खेळते आहेस तू."

"तुला विचारत आले. काही अडलं की तुला विचारायचं, तू सांगायचास. उघडायचं कशाला?"

"सेवेरिन?"

"मी काढलेली चित्रं बघितली," सेवेरिन म्हणाला. "चांगली आलीत."

"म्हणजे ह्या टेबलावर ते पुस्तक वाचलेला माणूस..."

"तू," बोझेना म्हणाली. "आणि हे नवं काल मी निम्मं वाचून काढलं. चष्मा न शोधता. म्हातारी काढलीत ते वाईट केलंत. पण वाचलं."

खाली ट्रॉलीबस थांबली आणि गेली. सेवेरिनने सवयीने घड्याळ पाहिलं.

"मग आता माझी काय गरज?" कॉर्नेल म्हणाला. त्यात रडगाणं नव्हतं. तो भूगोलाच्या मास्तरासारखं विचारत होता, उत्तर हवं म्हणून. "पुस्तक तुम्हाला वाचता येतं. मला येत नाही. नाताळानंतर तर," तो माझ्याकडे वळला, "हेही दिसणार नाही. होय ना? तू सांगत नाहीस, पण तू मोजलं असशीलच."

"मोजलं आहे," मी म्हणाले.

"आणि?"

"नाही दिसणार."

बोझेनाने पेला खाली ठेवला. सेवेरिन खाली वाकला, खुर्चीखालचे फासे एकेक करून गोळा केले आणि टेबलावर मांडले.

"माझा दम चार आहे," तो म्हणाला. "मी पाण्यात आहे, खांबाला धरून. पाणी गार आहे. मला किती वेळ असं लटकवून ठेवणार आहेस?"

कॉर्नेलने खुर्चीची पाठ सोडली नाही.

"अरे, मेलो तरी मेलो म्हण, जगलो तरी जगलो म्हण. बोझेनाला काय विचारू? ही पानावरचं सांगेल. पाणी वरून कुठल्या बाजूने येतंय ते पानावर नाही."

"डावीकडून," कॉर्नेल म्हणाला. ते त्याच्या तोंडून आपोआप निघाल्यासारखं निघालं. "पुलाच्या त्या बाजूला नेहमी डावीकडून येतं."

"मग?"

तो खाली बसला. चाचपून पेला शोधला, गार झालेला चहा प्यायला.

"मोठंच पाठव," तो मला म्हणाला. "पण तो ओ खाली आण. सगळे आण. आणि इकडे ये, माझ्या बाजूला बस. पाण्यातून वर चढण्याचा नियम काढ आणि वाच. ओळीच्या टोकाला थांबू नकोस. तुला लहानपणापासून ती खोड आहे."

मी खुर्ची नेली. पान उघडलं. वाचायला सुरुवात केली तेव्हा माझं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं. कितीतरी महिने ती डावीकडे वळलेली असायची, पुस्तकासमोर, माणसांसमोर, ताटासमोर. सरळ पाहिलं की त्याला काहीच दिसत नाही. आता ती सरळ होती. तो समोर, बरोबर सेवेरिनच्या चेहऱ्यावर डोळे लावून बसला होता, म्हणजे बरोबर त्या राखाडी डागात.

सेवेरिनने ओठावरची खसखस पुसली. "काय बघतोस?"

"तुझं तोंड."

"कसं आहे?"

"फार बारीक टाइप आहे," कॉर्नेल म्हणाला. "वाच पुढे, इर्मिना. माणूस पाण्यात आहे."